वॉटर्लूची तलवार आणि झिरो नंबरचा पॉलिश पेपर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. तुम्ही हसणारच म्हणा, पण निदान हातातला चहा संपेपर्यंत दम धरा. आजवर मी पुष्कळ वस्तूंची वाट लावलीय. मिलिंदचा लोकरी स्वेटर मशीनमधून बाहुलीच्या मापाचा करून काढलाय. सासूबाईंनी दिलेला बिडाचा तवा घासून घासून पांढरा केलाय. पण ते सगळं किरकोळ. जी वस्तू वॉटर्लूच्या लढाईतून धडधाकट बाहेर पडली, जिने त्यानंतर दोन महायुद्धं भिंतीवर लटकून निवांत काढली, तिची मी एका दुपारी वाट लावली. तीही चिंच लावून!

थांबा, पहिल्यापासून सांगते.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. आम्ही तेव्हा एडिनबराला होतो. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, एका बँकेच्या आयटीत. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीचे अर्ज पाठवत घरी बसलेली. घर म्हणजे जुन्या दगडी बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. एका जिन्यावर आठ घरं आणि जिना धुवायच्या पाळ्या. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली दिसायची, 'या आठवड्यात जिना तुमचा' अशा अर्थाची. शेजारी ती पाटी बघून कपाळाला हात लावायचे. मी मात्र खूश व्हायचे.

कारण मी कराडची, आणि त्यातही बाबांची मुलगी. बाबांचं लेथचं वर्कशॉप होतं. त्यांना जगात दोनच गोष्टींचा तिटकारा होता, उधळेपणा आणि गंज. घासायचं वेड माझ्या रक्तातच आलंय हो. कुठे काळवंडलेलं पितळ दिसलं की माझे हात शिवशिवतात. लोकांच्या घरी गेले की मी आधी नळ बघते, मग माणसं.

तर पहिल्या पाळीला मी आमचा जिना काथ्याच्या ब्रशने घासला. घासता घासता समोरच्या दारावरची पितळी पत्रपेटीही चकचकीत करून टाकली. दार उघडलं आणि एक उंच, ताठ आजीबाई बाहेर आल्या. बराच वेळ पायऱ्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही अशाच घासत राहिलात, तर पुढच्या वर्षी आपल्याला दोर लावून वर यावं लागेल."

मला ते कौतुकच वाटलं.

त्या मिसेस ड्रमंड. आम्ही घरात त्यांना ड्रमंडबाई म्हणायचो. वय अठ्ठ्याहत्तर, मूलबाळ नाही, नवरा आर्ची जाऊन सहा वर्षं झालेली. आर्ची शाळेत गणिताचे मास्तर होते. हळूहळू दर गुरुवारी मी त्यांच्याकडे चहाला जायला लागले. दोघींनाही वेळच वेळ होता. त्या आर्चीबद्दल बोलायच्या, मी कराडबद्दल. त्यांना कराड कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि मला आर्ची माहीत नव्हते, पण दोघींचं भागत होतं.

आणि त्यांच्या दिवाणखान्यातल्या शेकोटीच्या वर भिंतीवर ती होती. तलवार!

फ्रेंच घोडदळाची, नेपोलियनच्या काळातली. सरळ लांब पातं, उभी धरली तर माझ्या कमरेच्या वर येईल एवढं. मुठीवर पितळेच्या वळणदार पट्ट्यांची जाळी. आर्चीच्या खापरपणजोबांनी, का त्यांच्याही वडिलांनी, वॉटर्लूला एका फ्रेंच घोडेस्वाराकडून ती मिळवली म्हणे. 'मिळवली' म्हणजे नक्की कशी, ते ड्रमंडबाई सांगायच्या नाहीत आणि मी विचारत नसे. खरं तर माझं इतिहासाकडे लक्षच नसायचं. माझं लक्ष त्या मुठीकडे. काळीकुट्ट हो! इतकं सुंदर पितळ आणि त्यावर दोनशे वर्षांचा मळ. पात्यावरही करडे-काळे ढग आलेले. दर गुरुवारी मी हातात कप घट्ट धरून बसायचे, नाहीतर हात आपोआप तिकडे गेला असता.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही घरी जाणार होतो. तीन वर्षांनी! बॅगाही काढून ठेवल्या होत्या. पण व्हिसा वाढवण्यासाठी पासपोर्ट क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसला पाठवलेले, आणि ते यायचे होते. ते येईपर्यंत आम्ही या बेटावरून हलू शकत नव्हतो. शेवटी तिकिटं रद्द केली. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "असू दे, पुढच्या वर्षी." मग आईने फोन घेतला, ती 'तुझ्यासाठी' एवढंच म्हणाली आणि कॉलिंग कार्ड संपलं. माझ्यासाठी काय, ते कळलंच नाही. लाडू असतील, नाहीतर साडी. मी दुसरं कार्ड आणायला खाली दुकानात गेले आणि तिथेच फ्रीजसमोर उभी राहून रडले.

तुम्ही म्हणाल दसऱ्यासाठी एवढं काय? अहो, आमच्याकडे दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. आदल्या दिवशी वर्कशॉपमधली झाडून सगळी हत्यारं खाली उतरायची. पाने, पकडी, कानस, ड्रिल. रॉकेलची अंघोळ, मग पॉलिश, मग तेलाचा हात. पाने चमकवायचं काम माझं. बाबा एकेक पाना डोळ्यांसमोर धरून विचारायचे, "यात तोंड दिसतंय का?" नसेल दिसत तर परत. गंजलेलं हत्यार पूजेला मांडणं म्हणजे पारोशा माणसाला पंगतीत बसवणं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी लेथला झेंडूची माळ, हत्यारांना हळदकुंकू, आणि सगळ्या वर्कशॉपभर रॉकेल, उदबत्ती आणि पेढ्यांचा एकत्र वास. तो वास मला एडिनबराच्या बसमध्ये बसल्या बसल्या यायचा. खरंच यायचा.

आणि इकडे मी काय पुजत होते? पहिल्या वर्षी भाजीची सुरी. दुसऱ्या वर्षी मिलिंदचा लॅपटॉप, धूळ ओढायचा हूवर आणि बटाटे सोलायचं सोलाणं. बाबा दर वर्षी फोनवर विचारायचे, काय मांडलंस. मी सोलाणं म्हटल्यावर ते म्हणाले, "चांगलंय. धार आहे ना त्याला?" आणि मग गप्प झाले. ते गप्प होणं मला फार लागलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की यंदा घरी जाता येत नाही ना, मग यंदा बाबांना असं शस्त्र पुजून दाखवायचं की त्यांची छाती फुगली पाहिजे.

अष्टमीच्या सकाळी मी ड्रमंडबाईंचं दार वाजवलं. आता शस्त्रपूजन इंग्रजीत समजावून सांगायचं म्हणजे काय होतं बघा. मी म्हटलं, आम्ही वर्षातून एकदा शस्त्रांची पूजा करतो. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुणावर चालून जायच्या आधी का?" मी म्हटलं, "नाही नाही, पूजा झाली की आम्ही जेवतो."

त्यांनी एकदा तलवारीकडे पाहिलं. मग स्वतः स्टुलावर चढल्या. मला हात लावू दिला नाही. एका जुन्या चादरीत तलवार गुंडाळून माझ्या हातात दिली, पण दिली तरी सोडेनात. दोन टोकांना दोघी, असा एक क्षण गेला. मग म्हणाल्या, "आर्ची गेल्यापासून ही घराबाहेर गेलेली नाही. हिची काळजी घे."

आता तुम्हीच सांगा. माझ्या बाबांच्या मुलीला कुणी 'काळजी घे' म्हटलं तर ती काय करेल? शिवाय शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आपल्याला बाळगुटीतून पाजलेलं. वाटी आली तर वाटीत काहीतरी घालून द्यायचं. मग तलवार आली तर? तलवारीत काय घालणार? मी म्हटलं, चकाकी घालू.

मिलिंद ऑफिसला गेल्यावर मी ओटा मोकळा केला. मुठीला चिंच आणि मीठ. अहो, काय सांगू! दहा मिनिटांत खालून सोनं वर आलं. दोनशे वर्षं कुणी त्या पितळेला चिंच दाखवली नव्हती, नुसतं पीत होतं ते चिंचेला. पात्याला लिंबू, सोडा आणि स्टीलची घासणी. ढग एकेक करून पळाले. फक्त मुठीपासून वीतभर अंतरावर एक डाग होता, तो हटेना. लांबट, एका टोकाला गोलसर, चांगला खोल रुतून बसलेला. चिंच झाली, लिंबू झालं, टूथपेस्ट झाली. तो आपला तिथेच. मग मात्र मी इरेला पेटले आणि नवीन कार्ड खरवडून थेट कराडला फोन लावला.

"बाबा, पोलादाच्या पात्यावर एक काळा डाग आहे. काही केल्या निघत नाही."

"किती जुनं पातं?"

"दोनशे वर्षं."

मी सगळी हकिकत सांगितली. आणि मग बाबा बोलले ते एकदम वीस वर्षांपूर्वीच्या आवाजात. "झिरो नंबरचा पॉलिश पेपर आहे का? त्याला तेल लाव. मशीनचं नसलं तर खोबरेल चालेल. आणि एकाच दिशेनं घास. गोल गोल घासलंस तर याद राख."

मिलिंदने शेल्फ करायला पॉलिश पेपरचं पाकीट आणलं होतं. झिरो नंबर नव्हता, पण सगळ्यात बारीक होता तो घेतला, खोबरेल ओतलं आणि जमिनीवर मांडी घालून बसले. दीड तास त्या एका डागावर. बाहेर पाऊस, आत रेडिएटर, आणि लोखंडाला घासलेल्या तेलाचा तो वास. आमचा दिवाणखाना म्हणजे वर्कशॉप झाला हो. गेल्या तीन वर्षांत मी इतकी आनंदात नव्हते, हे अगदी खरं सांगते. शेवटी डाग गेला. मी पातं डोळ्यांसमोर धरलं आणि त्यात माझं तोंड दिसलं, कपाळावरच्या घामासकट.

बाबांना परत फोन केला. निघाला म्हटल्यावर ते म्हणाले, "शाब्बास." हा शब्द ते आयुष्यात मला तिसऱ्यांदा म्हणाले होते.

संध्याकाळी मिलिंद आला. चौरंगावरची तलवार बघून थबकला आणि म्हणाला, "ड्रमंडबाईंनी नवीन घेतली का?"

मी फुशारकीने सगळं सांगितलं. त्याला उगीच काहीतरी वाटलं म्हणा, पण थकला होता, जेवून झोपला. नवमीला मी पूजा मांडली. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटमधली केशरी शेवंती आणली. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि फोटो काढून दादाला ईमेल केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो कराडला आईबाबांच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहतो, पण जेवायला दोन्ही वेळा आईकडे. त्याने फोटो मोठा छापून बाबांना दिला. बाबांनी तो वर्कशॉपच्या दारात लावला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली, की लेथवाल्या मास्टरांच्या, म्हणजे बाबांच्या, मुलीकडे नेपोलियनची स्वतःची तलवार आहे आणि इंग्लंडच्या राणीनं ती पूजेला पाठवली.

इकडे त्याच संध्याकाळी मिलिंद लॅपटॉप उघडून बसला आणि वाचता वाचता पांढरा पडत गेला. तिथे लिहिलं होतं, जुन्या शस्त्रांना पॉलिश कधीही, कोणत्याही परिस्थितीत करू नये. तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे, ते त्या वस्तूचं वय असतं. तो एकदा गेला की गेला.

"तू तिचं वय घासलंस," मिलिंद म्हणाला.

दसऱ्याच्या दिवशी लोक काय करतात? सोनं वाटतात, सीमोल्लंघन करतात. आम्ही दोघं बाथटबशी उकिडवे बसून तलवारीला वय आणत होतो. मिलिंदने सुट्टी टाकली. आधी वीस टी-बॅगांचा काढा करून त्यात तलवार भिजवली. तिच्यावर काही परिणाम झाला नाही, टब मात्र तपकिरी झाला. मग व्हिनेगर आणि मीठ. दोन तासांनी पात्यावर केशरी पुटकुळ्या उठल्या, कांजिण्या आल्यासारख्या. मिलिंद म्हणाला, तंदुरी दिसतेय. मग मी माझी काजळाची कांडी आणली आणि मुठीच्या खाचाखाचांत काजळ भरलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच घोडेस्वाराच्या तलवारीला मी काजळ घातलं, लहान बाळाला घालतात तसं. तीटही लावली असती.

आणि तो डाग? तो मला चांगला आठवत होता. तो नसला तर ड्रमंडबाईंना लगेच कळेल, असं वाटलं. म्हणून अंगठा व्हिनेगर-मिठात बुडवून पात्यावर दाबून धरला, आणि पुन्हा पुन्हा. दुपारपर्यंत तिथे छान लांबट, एका टोकाला गोलसर डाग उठला. मी मिलिंदला म्हटलं, बघ, हुबेहूब.

पाच वाजता तलवार चादरीत गुंडाळून, सोबत वाटीभर श्रीखंड घेऊन मी समोर गेले. त्यांनी वाटी बाजूला ठेवली, खुर्चीत बसून तलवार मांडीवर घेतली आणि चादर उलगडली. काजळाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांचा उजवा अंगठा आपला आपण पात्यावर गेला, मुठीपासून वीतभर अंतरावर. तिथे थांबला. थोडा पुढे गेला, मागे आला, परत थांबला. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा.

मग त्यांनी चष्मा लावला. माझा डाग त्यांना दिसला, खऱ्या जागेच्या तीन बोटं वर. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. आणि मी निर्लज्जपणे सांगितलं, की तो जुनाच डाग, आधीपासूनचा.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आर्चीचा अंगठा तुझ्या दुप्पट होता."

मग त्यांनी सांगितलं. लग्नाच्या दिवशी गावच्या हॉलमध्ये दोघांनी मिळून या तलवारीने केक कापला होता. पात्याला जॅम लागला, तो आर्चींनी अंगठ्याने पुसला आणि अंगठा चाटला. त्या गडबडीत कुणी तलवार धुतली नाही. सकाळी बघतात तर पोलादावर अंगठ्याचा डाग उमटलेला. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आर्ची त्या डागावर अंगठा ठेवून बघायचे आणि सांगायचे, अजून मापात आहे. ते गेल्यापासून रोज सकाळी या तिथे आपला अंगठा ठेवायच्या. बस, एवढंच. मग चहा करायच्या.

नेपोलियन, वॉटर्लू, दोनशे वर्षं, सगळं गेलं चुलीत. आम्ही आदल्या संध्याकाळपासून भलत्याच गोष्टीची काळजी करत होतो. त्या बाईंना नेपोलियनशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्याकडे नवऱ्याच्या हाताची एकच खूण उरली होती आणि ती मी मांडी घालून, खोबरेल लावून, एकाच दिशेने घासून काढली होती. दीड तास! वर आनंदाने!

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. चिंच, बाबांचा फोन, पॉलिश पेपर, बाथटब, अंगठा. रडत रडत, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं मराठीत. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"हे काळं काय आहे?"

"काजळ. डोळ्यांत घालायचं."

त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. वाटीतलं श्रीखंड पातळ व्हायला लागलं. बऱ्याच वेळाने त्या आल्या, तेव्हा डोळे लाल होते, पण पाठ तशीच ताठ. म्हणाल्या, की चाळीस वर्षं त्या आर्चीच्या मागे लागल्या होत्या, मला ती तलवार एकदा साफ करू दे म्हणून. आर्ची म्हणायचे, मी मेल्यावर कर. मग ते मेले आणि यांचा हात होईना.

पुन्हा त्यांनी अंगठा पात्यावर ठेवला. बरोबर त्याच जागी. "मला जागा ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "फुलं वाहिली होतीस?"

"हो. नमस्कारही केला."

"आर्चीला कळलं असतं, तर तो एवढा फुगला असता की वर्षभर त्याच्याबरोबर राहणं कठीण झालं असतं."

मला वाटलं, झालं, सुटले. पण तसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता तू जा." त्यानंतरच्या गुरुवारी चहाचं बोलावणं आलं नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. जिन्यात भेटल्या तर मान हलवायच्या, बस. मिलिंद म्हणायचा, वेळ जाऊ दे. पण माझा दिवस सरता सरत नव्हता. त्या शहरात मला बोलावणारं ते एकच दार होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने घासून बंद केलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात पाटी आमच्या दाराला लागली. मी बादली घेतली आणि नुसत्या पाण्याने, फडक्याने, हळूहळू पायऱ्या पुसायला लागले. त्यांच्या पत्रपेटीकडे तर मी पाहिलंही नाही. ती काळवंडली होती, राहू दे म्हटलं. तेवढ्यात दार उघडलं.

"ब्रश कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, टाकून दिला. त्यांनी पायऱ्यांकडे नीट बघितलं. म्हणाल्या, हा जिना पुसलाय की काय केलंय, आणि आत ये, चहा गार होतोय. आत गेले तर तलवार भिंतीवर होती. पुटकुळ्यांसकट, काजळासकट. त्यांनी काहीच पुसलं नव्हतं.

त्या दिवशी मी घरी येऊन कराडला फोन केला. तोवर बाबांना काही बोलले नव्हते. ते आपले येईल-जाईल त्याला फोटो दाखवत होते. सगळं ऐकल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "अरेरे. मीच सांगितलं तेल लाव म्हणून." आणि फोन आईकडे दिला.

आमची आई फोनवर एरवी जेवलीस का, यापलीकडे जात नाही. पण त्या दिवशी बोलायला लागली. म्हणाली, यंदा तू येणार म्हणून घराला रंग काढला. पण तुझ्या खोलीत पलंगाच्या उशाशी भिंतीला डोक्याच्या तेलाचा डाग आहे ना, बारावीला तू टेकून बसायचीस तिथला, त्याला रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. तुझे बाबा पॉलिश पेपर घेऊन आले होते, त्यांनाही हाकललं.

"झाडताना रोज हात लावते मी तिथे," आई म्हणाली. "तू बसल्यासारखी वाटतेस."

मला हुंदकाच आला. तिकडे आई रडतेय, इकडे मी रडतेय, आणि कार्डाची मिनिटं जातायत. रडता रडता मला ती खोली डोळ्यांसमोर दिसायला लागली. पलंग, टेबल, उशाची भिंत. आणि मी रडायची थांबले.

अहो, मी आयुष्यात कधी डोक्याला तेल लावू दिलं नाही! आई बाटली घेऊन मागे आणि मी पुढे, अशी आम्ही गल्ली पालथी घालायचो. बारावीचा अभ्यास मी वर्कशॉपच्या टेबलावर केला. त्या भिंतीला टेकून पुस्तक तोंडावर घेऊन झोपायचा तो दादा. अर्धी अर्धी बाटली थापायचा डोक्यावर. म्हणजे आई रोज सकाळी माझ्या आठवणीने ज्या डागावर हात ठेवतेय, त्या डागाचा मालक दुपारी बाराच्या ठोक्याला शेजारच्या खोलीत बसून दुसरी भाकरी मागतोय.

अगदी ओठांवर आलं होतं. एरवी मी सांगितलंही असतं, पुरावा देऊन, आणि वर म्हटलं असतं की पुसून टाक तो घाण डाग. पण त्या दिवशी म्हटलं, "हो गं आई, माझाच तो. राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक डाग जिथल्या तिथे, जसाच्या तसा राहू दिला. आणि तोही मेला दादाचा.